खिंडीतलं गेट आणि जयवंताबाईची मेंढरं

जयवंता,

प्रेमलाचा फोन आला होता. आष्टीला पोचलीस म्हणाली. मेंढरं सगळी धड पोचली का, तिकडे चराई कुठं आहे, तुझा गुडघा काय म्हणतो, असं विचारलं तर "सगळं बराबर हाय बाई" एवढंच बोलून तिनं फोन ठेवला. तुझी लेक तुझ्यासारखीच. कामापुरतं बोलायचं आणि पुढं चालायला लागायचं.

मी कागद घेऊन बसले आहे आणि सकाळपासून चार वेळा उठले. एकदा चहाला, एकदा दार लावायला, दोनदा उगाच. खिडकीतून बरडावरचे पवनचक्क्यांचे पंखे दिसतात. फिरत असले की बघवत नाही, थांबले की का थांबले म्हणून बघत बसते. तुला वाचता येत नाही, आणि प्रेमला हे सगळं तुला वाचून दाखवेल याचा मला भरवसा नाही. म्हणून तुझ्याशी बोलायचं सोडून तुझ्याबद्दलच बोलते, तुला कधी न पाहिलेल्या लोकांशी. तुझी पाण्याची वाट कशी बंद झाली आणि त्यात माझा हात किती, हे कुणीतरी सरळ सांगायला हवं. तुझी बाजू कुठं कमी पडली तर पुढच्या फोनवर झाप मला.

जयवंताबाई मेंढरं राखते. वय विचारलं तर "दुष्काळात लगीन झालं" म्हणते. बहात्तरचा दुष्काळ धरला तर पासष्टीच्या आसपास असेल, माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. नवरा आबाराव जाऊन अकरा वर्षं झाली. एकच मुलगी, प्रेमला, परतूर तालुक्यात आष्टीला दिलेली. मेंढरं साठ-बासष्ट. नक्की आकडा ती सांगत नाही, मोजली की कमी होतात असं तिचं ठाम मत. पण संध्याकाळी वाडग्यात, जाळीच्या कुंपणात, शिरताना एक मागं राहिलं तर तिला लगेच कळतं. "बोडकीचं पोरगं कुठं ऱ्हायलं?" म्हणत त्या बिनशिंगी मेंढीच्या कोकरासाठी काठी उचलून परत निघायची.

एका जागी बसलेली मी तिला फारशी पाहिली नाही. जेवायचीसुद्धा उभ्यानं, भाकरी हातात धरून, नजर कळपावर. मी जालन्याला एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर इथं सासरच्या गावी राहायला आले, तेव्हा डॉक्टरनं रोज चालायला सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी बूट घालून बरडावर गेले. समोरून ही आली, खांद्यावर घोंगडी, पुढं-मागं मेंढरं.

"काय हरवलं का बाई?"

"नाही. फिरायला आले."

"फिरायला?" तिनं माझ्या बुटांकडे बघितलं. "मंग मेंढरं घेऊन जा की. तेवढंच चालणं हुईल अन् मला बसाया गावंल."

असं म्हणाली खरी, पण बसली नाही. मीच तिच्यामागून तलावापर्यंत गेले. तेव्हापासून आठवड्यातून तीन-चार दिवस आमचं चालणं बरोबर व्हायचं. ती पुढं, मी मागं, धापा टाकत.

आमचं गाव भोकरदन तालुक्यात, केदारखेड्याच्या अलीकडे. गावाच्या उत्तरेला लांबलचक बरड आहे, मुरमाड, कुसळीच्या गवताचं. सासऱ्यांचं होतं, आता पुतण्या अंगदच्या नावावर आहे. बरडाच्या मधोमध खिंड आणि खिंडीपलीकडे पाझर तलाव. उन्हाळ्यात अलीकडच्या विहिरींना तळ लागला तरी त्या तलावात मेंढरांपुरतं पाणी असतं. आमच्या घराचा आणि तिच्या सासरच्यांचा ठराव सासऱ्यांच्याही आधीचा. होळीनंतर चाळीस दिवस मेंढरं आमच्या शेतात बसवायची, म्हणजे लेंडीखत जमिनीला मिळतं. त्याबदल्यात वर्षभर बरडावरची चराई आणि खिंडीतून पाण्याची वाट त्यांची. कुठं लिहिलेलं नाही. "कुणाची मेंढरं?" असं कुणी विचारलं तर जयवंताबाई आमच्या घराचं नाव सांगायची. आमच्या घरातलेही "आपली मेंढरं" म्हणायचे, त्यातलं एक शिंगसुद्धा आमचं नसताना.

पुढचा सगळा घोळ या "आपली"मधून झाला.

तीन वर्षांपूर्वी पवनचक्कीची कंपनी आली. तिचा जमीन बघणारा माणूस राधेश्याम नावाचा, पांढरा शर्ट, तीन फोन, सगळ्यांना नमस्कार. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की गावात एक निवृत्त विज्ञानाच्या बाई आहेत. तो थेट माझ्याकडेच आला. "मॅडम, तुम्ही सांगितलं तर लोक ऐकतील." आणि मी सांगितलं. कुणी जबरदस्ती केली नाही. मला खरंच पटलेलं होतं. धूर नाही, राख नाही, कोळसा नाही, वारा तर आमच्याकडे वर्षाचे सात महिने कपडे दोरीवर टिकू देत नाही. ग्रामसभेत मी कागदाची भिंगरी करून नेली, पंख्यासमोर धरली आणि बायांना सांगितलं, बघा, एवढंच आहे. बाया हसल्या. जयवंताबाई मागं उभी होती. "एवढंच आसंल तर बरंय," म्हणाली.

भिंगरीला रस्ता लागत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही.

करार मी वाचला. बारीक अक्षरातला, एकोणतीस पानं, अंगदला कंटाळा आला, मी शेवटपर्यंत वाचला आणि दोन कलमं बदलायलाही लावली. त्याला एक माहितीचा तक्ता जोडायचा होता. तो मी माझ्या हातानं भरला, कारण अंगदचं अक्षर कुणाला लागत नाही. त्यात एक प्रश्न होता: या जमिनीवर इतर कोणाची वहिवाट आहे काय?

"अंगद, कुणाची वाट जाते रे बरडावरून?"

"कुणाचीच न्हाई काकू. कुणाची बैलगाडी जाती का तिकडून? आपलीच मेंढरं जातात तेवढी."

मी लिहिलं: नाही.

आमच्या मनात त्या वेळी दुसरं काही आलंच नाही. वहिवाट म्हणजे परक्याची. शेजारच्या शेतकऱ्याची गाडी, दुसऱ्या गावचा माणूस. जयवंताबाई परकी कुठं होती?

मग पंचनाम्याचा दिवस. बरडावर राधेश्याम, अंगद, मी आणि दोन पंच. कळप घेऊन ती आलीच तिथं. राधेश्यामनं तिला विचारलं, "आजी, तुम्ही कोण?"

"मी? मी या घरचीच हाय."

"मेंढ्या कोणाच्या?"

"ह्यांच्याच म्हना की."

"इथं पंखा बसला तर तुमची काही हरकत?"

"मालकाच्या जाग्यात माजी कशाची हरकत आलीय? बसवा की." आणि अंगठा उठवला. उठवून माझ्याकडे बघून हसली. चार परक्या माणसांत घराची लाज राखली, असं तिच्या तोंडावर होतं. मलाही त्या क्षणी बरंच वाटलं, हे कबूल करते.

पुढं वर्षभर जे आलं ते कुठल्या भिंगरीत दाखवता येत नाही. एकेक पातं घेऊन येणारा ट्रेलर गावातल्या वळणावर वळेना, म्हणून फाट्यावरचं एस.टी.चं शेड पाडलं आणि दोन कडुनिंब तोडले. पंख्याच्या पायाला जागा थोडी लागते, ते खोटं नाही. पण त्या पायापर्यंत क्रेन जायला तीन ट्रॅक्टर शेजारी चालतील एवढा रस्ता लागतो, क्रेन उभी करायला सपाट केलेलं मैदान लागतं, तारांना खांब, खांबांना जागा, शेवटी एक कुंपण घातलेलं वीजकेंद्र. हे सगळं कागदावर "आनुषंगिक बाबी" या दोन शब्दांत बसलं होतं आणि ते शब्द मी वाचून पुढं गेले होते. रस्ता खिंडीतूनच गेला, कारण बरड ओलांडायला दुसरी जागा नाही. मेंढरंही तिथूनच जायची, कारणही तेच.

वीज आमच्या डोक्यावरून जाते. मोटारीची लाईन अजूनही आठवड्यातले चार दिवस अवेळीच येते. अंगदला भाडं मिळतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्या मुलीचं शिक्षण त्यावर चाललंय. पण भाषणात "गावाचा विकास" म्हणतात तेव्हा मी विचारते, गावाचा म्हणजे कुणाकुणाचा, नावं सांगा. लगेच चहा येतो.

सुरुवातीला पंखे फिरायला लागले तेव्हा सकाळची पात्यांची सावली तलावावरून सपासप जायची आणि मेंढरं पाण्याला तोंड लावेनात. राधेश्याम म्हणाला, आठ दिवसांत सवय होईल. आठ नाही, वीस दिवस लागले, पण झाली सवय. तेही खरं सांगायला हवं. जयवंताबाई म्हणाली, "मेंढरू मान खाली घालतं हो बाई. ते काय वर बघून राह्यलंय?"

गेल्या डिसेंबरात तांब्याच्या तारा चोरीला गेल्या. कुणी नेल्या ते कळलं नाही. कंपनीनं खिंडीत लोखंडी गेट बसवलं, दोन्ही बाजूंना चढणीपर्यंत काटेरी तार ओढली आणि एक पहारेकरी ठेवला. ज्यांची वहिवाट कागदावर आहे त्यांना पास मिळाले. जयवंताबाई गेटपाशी गेली.

"नाव?" पहारेकऱ्यानं यादी उघडली.

"जयवंताबाई. त्या अंगदच्या घरची."

"यादीत नाही."

"आरं, मी रोज जाती हितून. तुजा बाप न्हवता तवापासून."

"माँजी, ऑर्डर है."

ती माझ्याकडे आली. मी राधेश्यामला फोन लावला. तो अजून तितकाच गोड. "मॅडम, तक्ता तर तुमच्याच अक्षरातला आहे. त्यात वहिवाट 'नाही' आहे. आणि आजींनी पंचांसमोर सांगितलंय, माझं काही नाही. मी कशाच्या आधारावर पास देऊ?"

मी फोन ठेवला आणि अंगणात फेऱ्या मारल्या.

आता पाण्याला जायचं तर डांबरी रस्त्यानं सहा किलोमीटरचा वळसा. जायला सहा, यायला सहा. साठ मेंढरं घेऊन, ट्रकांच्या रस्त्यावर, गुडघा दुखणाऱ्या बाईनं. जानेवारीत एक कोकरू गेलं, फेब्रुवारीत दुसरं. ती रोज बरडावर तारेच्या कडेकडेनं चालत राहायची, कुठं फट दिसते का बघत. मी वर गेले की ती या टोकाला, मी पोचेपर्यंत ती त्या टोकाला.

"हिकडून उतरता येतंय का बघून राह्यले."

"मोडशील पाय."

"मोडू दे. चार पाय आसलेल्यांना तर उतरता येतंय का बघू."

नाही आलं. तिथं सरळ कडा आहे.

आणि तरी होळी झाल्यावर तिनं अंगदच्या शेतात मेंढरं बसवली. चाळीस दिवस, एक दिवस कमी नाही. मी चिडले. म्हटलं, "वाट बंद झाली, ठराव मोडला. तू कशाला खत देतेस?"

"ठराव कंपनीनं मोडला. मी का मोडू?"

"अंगदनं तरी काय केलं तुझ्यासाठी?"

"बोलला की त्यो दोनदा त्या पांढऱ्या शर्टाला." मग काठीनं एका मेंढीला बाजूला सारत म्हणाली, "चाळीस दिस बसवली म्हणून तर मी त्या घरची हाय बाई. न्हाई बसवली तर मंग पहारेकऱ्याचंच खरं झालं."

मी एप्रिलमध्ये जालन्याला जाऊन एका ओळखीच्या वकिलाला भेटले. तो म्हणाला, वहिवाटीची वाट अडवली असेल तर तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. अर्ज जयवंताबाईचा हवा. मी लिहून द्यायचं की तक्ता मी भरला, चुकीचा भरला, ही वाट पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. मुदत जूनच्या नऊ तारखेला संपत होती. मी लगेच अर्ज लिहून काढला.

अंगदला सांगितलं तर त्याचा घास हातातच राहिला. "काकू, तुम्ही असं लिहून दिलं तर कंपनी म्हणंल खोटी माहिती दिली. उद्या करारच मोडला तर?"

"मग मोडू दे. माहिती खोटीच होती."

"तुमचं काय जातंय बोलाया," म्हणाला आणि ताट घेऊन आत गेला. मला तो वाईट वाटत नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही ताट घेऊन आत गेले असते. पण अर्ज द्यायचाच हे मी ठरवलं.

मे महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी नवाच्या एस.टी.नं भोकरदनला जायचं ठरलं. मी पावणेनवाला फाट्यावर. शेड पाडलेलं, ऊन डोक्यावर, एका हातात फाईल, एका हातात छत्री. गाडी आली, गेली. ही आली नाही. मी तशीच तिच्या वाडग्यावर गेले. ती कोकराच्या खुरातला काटा काढत बसली होती. बसलेली पाहिली ती तेव्हा.

"गाडी गेली जयवंता!"

"जाऊ द्या."

"अजून बारा दिवस राहिलेत. नंतर कुणी विचारणार नाही. कळतंय का तुला?"

"कळतंय. त्या कागदात अंगदचं नाव हाय का न्हाई?"

"आहे. जमीन त्याची, म्हणून सामनेवाला म्हणून लिहावं लागतं. नुसती पद्धत आहे ती."

"तुमच्यासाठी पद्धत. म्या त्या घरावर अर्ज टाकला आसं गावात हुणार. मंग मी कुणाची?"

"अगं, पण पाणी!"

"मला बी पाणीच पायजे बाई. तुमच्याहून जादा पायजे." तिनं काटा काढला, कोकरू सोडलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "एक काम सांगू? करताल का?"

"सांग."

"एक दिस सकाळी तुमी माज्यासंगं गेटपर्यंत चला. मेंढरं घेऊन. तुमी पुढं, मी मागं. अन् त्या गड्याला समोर उभं ऱ्हाऊन म्हना, ही आमच्या घरची मेंढरं हायेत, ह्यांना जाऊ दे. बस. अंगद येईना तर ना येवो. तुमी त्या घरच्या थोरल्या सूनबाई. तुमी म्हनलं की झालं."

मला हसू आलं, आणि रागही. "तो पगारी माणूस आहे जयवंता. तो माझं कशाला ऐकेल? त्याला यादी लागते. मी तोंडानं सांगून काय होणार आहे? कागद लागतो."

"कागद तुमीच लिवला व्हता की," ती म्हणाली.

हे तिनं टोमणा म्हणून म्हटलं नाही. नुसतं सांगितलं. मला ते झोंबलं आणि मी फाईल उचलून निघून आले. दोन दिवस तिकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी वाटलं, जावं. पण आधी अर्ज दुरुस्त करून घ्यावा, अंगदचं नाव काढता येतं का बघावं, म्हणजे तिला नाही म्हणायला जागा उरणार नाही. वकिलाला फोन केला. तो म्हणाला, नाव पुरतं टाळता येणार नाही, पण मजकूर असा करता येईल की मागणं फक्त कंपनीविरुद्ध आहे. मी कच्चा मजकूर तयार केला, खोडला, परत केला. तोवर जून लागला. चार तारखेला भोकरदनला गेले आणि तहसीलसमोरच्या टायपिंगच्या दुकानात बसून तो टाईप करून घेतला. तीन वेळा चुका काढल्या. टायपिस्ट वैतागला. पाचची गाडी धरून घरी आले.

अंगद ओट्यावर होता. म्हणाला, "जयवंताबाई येऊन गेली दुपारी. पाणी पिली. तुमची वाट बघितली तासभर."

"कशाला आली होती?"

"निघाली व्हती ना. प्रेमलाच्या मालकानं टेम्पो आणल्ता. दोन खेपांत नेली मेंढरं. तिकडं तळं हाय म्हणं जवळ." मग माझ्याकडे न बघता: "मी म्हनलं थांब. म्हनली, हितं वाट न्हाई, तहान मातर हाय."

मी बूट न काढता तिच्या वाडग्यावर गेले. जाळीचं कुंपण नेलेलं. खुंटे उपटून एका बाजूला रचलेले. जागा झाडून सगळं लेंडीखत अंगदच्या बांधाच्या बाजूला ढीग करून ठेवलेलं होतं, वर पोत्यानं झाकून, वाऱ्यानं उडू नये म्हणून पोत्यावर दगड.

नऊ तारीख येऊन गेली. टाईप केलेला अर्ज फाईलमध्ये आहे. तिच्या अंगठ्याची जागा कोरी आहे, आणि आता तो दिला तरी कुणी घेणार नाही.

गेट माझ्या घरापासून सव्वा किलोमीटरवर आहे. पहारेकऱ्यानं माझं ऐकलं असतं की नाही, मला माहीत नाही. मी रोज सकाळी चालायला जाते ती अजूनही त्याच बाजूला, आणि तो मला "नमस्ते मॅडम" म्हणतो. तिनं सांगितलेलं ते एक काम, तिची मेंढरं मागं घेऊन त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं, तेवढं आमच्या दोघींचं राहून गेलं.